पाण्याने पाणी तोलणारी लिफ्ट

तीनशे टन माल भरलेली बोट. तिच्याभोवती आणि तिच्याखाली पाणी. ते पाणी ज्यात साठवलंय तो चाळीस मीटर लांबीचा लोखंडी हौद. सगळं मिळून सुमारे ८०० टनांचं हे ओझं दोन मीटर व्यासाच्या एकाच दट्ट्यावर उभं आहे आणि चार मजली इमारतीइतकं वर चढतं आहे. हे ओझं ढकलणारं इंजिन शोधायला गेलात तर सापडायचं नाही. शेजारी तसाच एक हौद, तशाच दट्ट्यावर, त्याच संथ गतीने खाली उतरतो आहे. वर जाणाऱ्या हौदाला उचलतो तो हा उतरणारा हौद.

उत्तर फ्रान्समधल्या आर्क या गावी १८८८ पासून १९६७ पर्यंत हे असंच चालत होतं. त्या ठिकाणाचं नाव ले फाँतिनेत. आज कालव्याची ती शाखा वाहतुकीतून बाद झाली आहे. मालवाहू बोटी शेजारच्या नव्या मार्गाने जातात आणि लिफ्ट आपल्या दगडी मनोऱ्यांसह जागेवर उभी आहे. लोखंड रंगवता येतं, दगडकाम सांधता येतं. पण हे यंत्र पुन्हा चालतं करायचं तर काय काय लागेल, याचा विचार करायला बसलं की ते मुळात चालत कसं होतं हे समजून घ्यावं लागतं. आणि ते समजू लागलं की माणूस त्यात गुंतून पडतो.

आर्क हे सँतोमेर शहराला लागून असलेलं गाव. आपल्याकडेही काही घरांत ल्युमिनार्कच्या काचेच्या बशा आणि वाडगे असतात. ते करणारी कंपनी याच गावातली. गावाशेजारून नफोसे कालवा जातो. आ आणि लिस या दोन नद्यांना तो जोडतो आणि डंकर्कच्या बाजूचा समुद्रकिनारा आतल्या औद्योगिक प्रदेशाशी बांधतो. फाँतिनेतपाशी मात्र जमीन एकदम खचते. वरचं पाणी आणि खालचं पाणी यांत १३.१३ मीटरचा फरक आहे.

असा फरक पार करण्याचा जुना उपाय म्हणजे जलपाश: दोन्ही टोकांना दरवाजे असलेली खोली. बोट आत घ्यायची, दरवाजे लावायचे, वरचं पाणी आत सोडलं की बोट वर, खाली काढून दिलं की बोट खाली. पनामा कालव्यात आजही हेच होतं. फाँतिनेतला अशा पाच खोल्या एकीला एक जोडून उतरंड केलेली होती. ती काम देत होती, पण फार सावकाश. बोटीला पाचही खोल्यांतून एकेक पायरी करत जावं लागे. उतरंड एकच असल्याने चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या बोटींना मध्ये एकमेकींना ओलांडताही येत नसे, त्यामुळे दोन्ही टोकांना रांगा लागत. शिवाय प्रत्येक बोटीमागे शेकडो घनमीटर पाणी वरून खाली निघून जाई. कालव्याच्या माणसाला पाण्याची ही उधळपट्टी वेळेपेक्षाही जास्त खुपते, कारण कालव्याचा माथा भरता ठेवणं ही त्याची कायमची काळजी.

त्यातच १८७९ मध्ये सार्वजनिक बांधकाममंत्री शार्ल द फ्रेसिने यांनी फ्रान्सच्या मुख्य जलमार्गांसाठी एकच माप ठरवून दिलं. ३८.५ मीटर लांब आणि पाच मीटरहून किंचित रुंद अशी, तीनशे टनांचा माल नेणारी बोट सगळीकडे जाऊ शकली पाहिजे. रांगा आता वाढणार हे उघड होतं. तेव्हा फ्रेंच अभियंत्यांनी इंग्लंडमधल्या एका माणसाच्या कामाकडे पाहिलं.

एडविन क्लार्क हा तो माणूस, आणि त्याची कथा बोटींपासून सुरू होत नाही. वेल्समधल्या मेनायच्या सामुद्रधुनीवर रॉबर्ट स्टीफन्सन ब्रिटानिया पूल बांधत होता. पूल कसला, आगगाडी आतून जाईल अशा लोखंडी नळ्याच त्या. एकेक मोठी नळी दीड हजार टनांच्या घरात. त्या पाण्यावर तरंगत आणायच्या आणि खांबांवर सुमारे तीस मीटर उंच चढवायच्या. चढवायच्या कशाने? पाण्याच्या दाबाने चालणाऱ्या दट्ट्यांनी. क्लार्क तिथे जागेवरचा अभियंता होता. ऑगस्ट १८४९ मध्ये यातला एक दाबयंत्राचा सिलिंडर फुटला. नळी खाली कोसळून पुलाचं काम तिथेच संपायचं, पण स्टीफन्सनने आधीच ताकीद देऊन ठेवली होती की नळी जसजशी वर सरकेल तसतसं तिच्याखाली बांधकाम भरत जायचं. त्यामुळे ती काही इंचच खाली आली. पाण्याचा दाब किती अवजड वस्तू उचलू शकतो आणि सिलिंडर दगा देतो तेव्हा काय होतं, हे दोन्ही धडे क्लार्कने एकाच कामावर घेतले.

पुढे त्याने याच तत्त्वावर जहाजं उचलायची गोदी काढली. लंडनच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये १८५७ च्या सुमारास खांबांच्या दोन रांगा उभ्या राहिल्या. प्रत्येक खांबात एक दट्ट्या, आणि सगळे दट्टे मिळून जहाजाला तळाखालून धरून पाण्याबाहेर काढत, म्हणजे तळ घासता यावा, दुरुस्ती करता यावी. अशीच एक गोदी मुंबई बंदरातल्या हॉग आयलंडवरही उभारली गेली. आपल्या बंदराचा इतिहास वाचताना हा उल्लेख पटकन नजरेआड होतो, म्हणून मुद्दाम सांगतो. फाँतिनेतचे हौद आणि मुंबईच्या खाडीतली ती गोदी एकाच डोक्यातून निघालेली भावंडं आहेत.

बोटीसाठी पहिली अशी लिफ्ट १८७५ मध्ये इंग्लंडच्या चेशर परगण्यात, अँडर्टनला झाली. तिथे वीव्हर नदी खाली आणि ट्रेंट-मर्सी कालवा वर, मध्ये पंधरा मीटर. चेशरचं मीठ, कुंभारकामाची चिनी माती आणि तयार भांडी हा सगळा माल तिथे एका बोटीतून काढून दुसऱ्या बोटीत चढवावा लागे. भांडी फुटत, मजुरी वाढे. एडवर्ड लीडर विल्यम्सने बोटच उचलायची कल्पना मांडली आणि क्लार्कने ती आखून दिली. लिफ्टची कल्पना त्याआधीही इंग्लंडमध्ये होती. सॉमरसेटमधल्या ग्रँड वेस्टर्न कालव्यावर जेम्स ग्रीनने साखळ्यांना टांगलेल्या हौदांच्या सात लिफ्ट बसवल्या होत्या, पण त्या छोट्या होड्यांसाठी होत्या आणि कालव्याचा तो भाग १८६७ मध्येच बंद पडला. क्लार्कने साखळ्या काढून टाकल्या आणि वजन खालून पाण्यावर घेतलं. फाँतिनेतची लिफ्ट अँडर्टनहून खूप मोठी झाली, तरी कल्पना तीच राहिली.

ती कल्पना अशी. जमिनीत उभे गाडलेले दोन सिलिंडर. प्रत्येकात एक दट्ट्या, दट्ट्याच्या डोक्यावर हौद. दोन्ही सिलिंडर तळाशी एका नळीने जोडलेले आणि नळीत एक झडप. झडप बंद असेल तर दोन्ही हौद जागच्या जागी. झडप उघडली की जड हौदाखालचं पाणी हलक्या हौदाखाली जातं, जड खाली येतो, हलका वर जातो. तराजूच हा, फक्त दांडीच्या जागी पाणी.

पण तराजूत दोन्ही पारड्यांत सारखं वजन लागतं. एका हौदात भरलेली बोट आणि दुसऱ्यात रिकामी बोट असेल तर? एकात बोटच नसेल तर? इथे आर्किमिडीज मदतीला येतो, आणि मला हा भाग कितीदाही सांगायला आवडतो. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारते. हौदातली पाण्याची पातळी ठरावीक असेल, तर आत शिरणारी बोट आपल्या वजनाइतकं पाणी हौदाबाहेर, कालव्यात ढकलून देते. मग दरवाजा बंद होतो. हौदात बोट असो नसो, भरलेली असो वा रिकामी, पाण्याची पातळी तीच असेल तर वजन तेच. तीनशे टनांचा कोळसा हौदात आला आणि हौद एक किलोनेही जड झाला नाही! लिफ्ट चालवणाऱ्याला बोटीत काय आहे हे विचारण्याची गरजच नव्हती.

यापुढची गोष्ट त्याहून कमी लोकांच्या लक्षात येते. चाळीस मीटरचा हौद मधोमध एकाच दट्ट्यावर उभा आहे. बोट मधोमध न थांबता एका टोकाला राहिली तर हौद त्या बाजूला कलायला नको का? नाही कलत. बोट आपलं वजन थेट हौदाच्या तळावर टाकत नाही, पाण्यावर टाकते, आणि पाणी सपाट राहतं. तळावर पडणारा दाब पाण्याच्या खोलीवर अवलंबून, आणि खोली सगळीकडे सारखी. म्हणजे बोट कुठेही असली तरी तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सारखाच भार. मनोऱ्यांमधल्या मार्गदर्शक पट्ट्यांचं काम हौदाला सरळ ठेवण्याचं. वजन पेलण्याचं नाही.

मग लिफ्ट हलते कशी? वजनं सारखीच असतील तर दोन्ही हौद स्थिर राहतील. म्हणून वर असलेल्या हौदात थोडं जादा पाणी घ्यायचं. वरचा हौद कालव्याच्या पातळीपेक्षा किंचित खाली थांबवला की दरवाजे उघडताच कालव्याचं पाणी आत शिरतं आणि हौद आपोआप जड होतो. हे जादा पाणी किती लागतं? पहिल्यांदा वाटतं, घर्षणावर मात करण्यापुरतं. पण तसं नाही, आणि याचा हिशेब कागदावर मांडताना मला फार आनंद झाला.

दट्ट्यांच्या तळांकडे बघा. एक हौद वर आणि एक खाली असताना दोन दट्ट्यांच्या तळांत १३ मीटरचा फरक असतो. पाणी एकमेकांशी जोडलेलं आहे, म्हणून खालच्या दट्ट्याच्या तळाशी दाब जास्त, १३ मीटर पाण्याच्या स्तंभाइतका, म्हणजे सुमारे १.३ वातावरण. दट्ट्याचं क्षेत्रफळ तीन चौरस मीटरहून थोडं जास्त. गुणाकार केला की खालच्या दट्ट्याला सुमारे ४१ टनांचा जादा रेटा मिळतो. सुरुवातीला हा रेटा मदत करतो: खालचा हौद जोमाने उठतो. पण जसजसे दोघे एकमेकांजवळ येतात तसतसा तो कमी होतो, अर्ध्या वाटेवर दोन्ही हौद एका पातळीला आले की शून्य होतो, आणि पुढे उलटतो. आता तोच रेटा उतरणाऱ्या हौदाला अडवतो, आणि तळाशी पोहोचताना पुन्हा ४१ टनांचा होतो. जादा पाणी घेतलं नाही, तर दोन्ही हौद मध्यावरच रेंगाळतील. शेवटपर्यंत जायचं तर वरच्या हौदात किमान ४१ टन पाणी जास्त हवं, आणि घर्षणासाठी त्यावर आणखी. हौदाचं क्षेत्रफळ सव्वादोनशे चौरस मीटरच्या आसपास. त्यावर ४१ टन म्हणजे पाण्याचा अठरा सेंटिमीटरचा थर. एवढाच थर. वीतभर जादा पाण्यावर आठशे टन तेरा मीटर चढतात, आणि पाच खोल्यांच्या उतरंडीपेक्षा कितीतरी कमी पाण्यात.

या सौंदर्याची किंमत मात्र सिलिंडर मोजतात. आठशे टनांचं वजन तीन चौरस मीटरवर म्हणजे पंचवीस वातावरणांचा दाब, तोही रोज चढत-उतरत. १८८२ मध्ये अँडर्टनचा एक सिलिंडर फुटला. हौद वर होता आणि त्यात बोट होती. पण फुटलेल्या जागेतून पाणी निसटायलाही वेळ लागतो, म्हणून हौद दगडासारखा पडला नाही. खाली आला आणि तळाच्या पाण्यात टेकला. कोणी जखमी झालं नाही. फ्रान्समध्ये तेव्हा फाँतिनेतची आखणी सुरूच होती. बातमी पोहोचल्यावर अभियंत्यांनी ओतीव लोखंडावर भरवसा ठेवायचं सोडलं आणि सिलिंडर बिनसांध्याच्या पोलादी कड्या एकीवर एक रचून उभे केले, आत गळती थांबवायला तांब्याचं अस्तर दिलं. जमिनीखाली गाडलेला, कुणाला कधी न दिसणारा हा भागच या यंत्राचा खरा अभिमान आहे, असं मला वाटतं. वरचे मनोरे पाहुण्यांना दाखवण्यासारखे आहेत खरे. तोलाचं सगळं काम मात्र खाली चालतं.

१८८८ मध्येच बेल्जियममधल्या ला लुव्हिएरजवळ याच घराण्यातली आणखी एक लिफ्ट सुरू झाली. तिच्यासह तिथल्या कालव्यावरच्या चार लिफ्ट १९९८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत.

फाँतिनेतला संपवलं ते बिघाडाने नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यावर डंकर्कपासून आत जाणारा मोठ्या मापाचा जलमार्ग आखला गेला. फ्रेसिनेची बोट त्या मार्गाला फार छोटी होती. १९६७ मध्ये शेजारीच एक नवा जलपाश सुरू झाला, सुमारे १४४ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद, तेच तेरा मीटर एका दमात पार करणारा. तो एकदा भरायला बावीस हजार घनमीटरच्या आसपास पाणी लागतं. बोटी मोठ्या झाल्या, पंप स्वस्त झाले, आणि वीतभर पाण्यात काम करणारं यंत्र कुणाला गरजेचं उरलं नाही. मला यात खलनायक दिसत नाही. तीन हजार टनांच्या ताफ्याला तीनशे टनांच्या हौदात बसवता येणार नाही.

पण मग अशा लिफ्टचा जीर्णोद्धार म्हणजे काय करायचं? अँडर्टनचा अनुभव इथे फार उपयोगी आहे. तिथलं कालव्याचं पाणी रसायनांनी खराब झालेलं होतं, आणि तेच सिलिंडरमध्ये वापरल्याने दट्ट्यांवर खोल चरे पडत गेले. चरे तांब्याने बुजवले तर तांबं आणि लोखंड एकत्र आल्याने झीज उलट वाढली. पुढे शुद्ध केलेलं पाणी वापरूनही भागेना, तेव्हा १९०८ मध्ये सगळी पद्धतच बदलली: हौद तारदोरांना टांगले, दुसऱ्या टोकांना लोखंडी वजनं लावली, वर मोठी चाकं आणि विजेची मोटार. ती व्यवस्था १९८३ पर्यंत चालली आणि गंजामुळे थांबवावी लागली. २००० ते २००२ या काळात दुरुस्ती करणाऱ्यांपुढे प्रश्न आला: १८७५ चं यंत्र परत आणायचं की १९०८ चं? त्यांनी दट्टे परत आणले, पण पाण्याऐवजी तेलावर चालणारे, कारण तेलाने गंज चढत नाही. आणि १९०८ चा सांगाडा व चाकं शोभेपुरती वर तशीच ठेवली. मला हा निर्णय बरोबर वाटतो. त्यात दोन्ही काळ दिसतात आणि बोटी वर जातात. पण त्याचीही मुदत होती. २०२२ मध्ये तपासणीनंतर अँडर्टनची लिफ्ट सुरक्षिततेसाठी पुन्हा बंद करावी लागली आणि आता ती आणखी एका मोठ्या दुरुस्तीच्या वाटेवर आहे. उघड्यावर, पाण्यात उभं असलेलं लोखंड एकदा नीट केलं म्हणजे कायमचं नीट झालं, असं होत नाही.

फाँतिनेतची गोष्ट वेगळी आहे. तिथे मधल्या काळात कुणी यंत्राची जात बदलली नाही. ती पाण्यावरच सुरू झाली आणि पाण्यावरच थांबली. म्हणून तिथे नुसते मनोरे स्वच्छ करून रंग देण्यावर कुणी समाधान मानू नये असं मला मनापासून वाटतं. तसं करणं सोपं आहे, स्वस्त आहे, आणि पाहुण्यांना फोटोही मिळतो. पण तराजू तोलताना दिसला नाही तर तो काय होता हे समजत नाही. दोन्ही हौद, पूर्ण उंची, बोटीसकट असा आग्रह धरायची गरज नाही. जमिनीखालचे ते पोलादी कड्यांचे सिलिंडर तपासले जावेत, दट्ट्यांचा पृष्ठभाग आणि गळती रोखणाऱ्या पट्ट्या नव्या व्हाव्यात, आणि हौद काही मीटर तरी पाण्याच्याच जोरावर हलावेत. दाब कमी ठेवायचा असेल तर हौदांत कमी पाणी भरता येईल. तत्त्व तेच राहील.

हे स्वप्नरंजन नाही, कारण या घराण्यातली एक लिफ्ट आजही पाण्यावरच चालते. रिचर्ड बर्डसल रॉजर्स हा कॅनडाचा अभियंता १८९६ मध्ये युरोपात येऊन अँडर्टन, फाँतिनेत आणि ला लुव्हिएर पाहून गेला आणि ऑन्टारिओमधल्या पीटरबरोला त्याने काँक्रीटच्या मनोऱ्यांत तशीच लिफ्ट उभारली. ९ जुलै १९०४ ला ती सुरू झाली. उंची जवळपास वीस मीटर, दट्ट्यांचा व्यास २.३ मीटर. फाँतिनेतसाठी मांडलेला हिशेब इथे लावून पाहिला तर वीस मीटरच्या फरकासाठी ८१ टनांच्या आसपास जादा पाणी लागायला हवं. पीटरबरोला प्रत्यक्षात घेतात १३० टन, म्हणजे हौदात तीस सेंटिमीटर. उरलेले पन्नासेक टन घर्षणावर मात करायला आणि हालचालीला वेग द्यायला.

टोरोंटोच्या परिसरात कितीतरी मराठी कुटुंबं आहेत आणि पीटरबरो तिथून गाडीने दीड-दोन तासांवर. उन्हाळ्यात बोटींचा हंगाम चालू असताना जा, आणि लिफ्टमधून जाण्याऐवजी आधी एक फेरी काठावरून पाहा. वरचा हौद वर येऊन थांबतो तेव्हा कालव्याच्या पातळीला बरोबर लागत नाही, फूटभर खाली राहतो. दरवाजा उघडला की कालव्याचं पाणी आत येऊन दोन्ही पातळ्या सारख्या होतात. मुलांना हौदाच्या भिंतीवर कुठपर्यंत पाणी होतं ते आधी लक्षात ठेवायला सांगा आणि मग किती चढलं ते मोजायला लावा. पुढच्या फेरीत ते सगळं अवजड लोखंड आणि पाणी वर-खाली करणारं सगळं इंधन त्या फूटभरात आहे.